जुन्या दुनळ्या आणि उडत्या पक्ष्यावरचा नेम: श्रेय बंदुकीचं की हाताचं?

रानवाट:

नमस्कार मंडळी. आईच्या वडिलांची दुनळी सगळे कागद पूर्ण होऊन आता माझ्या नावावर झाली. बारा बोअर (नळीच्या जाडीचं माप), शेजारी-शेजारी नळ्या, लांबी तीस इंच, घोडे (चाप ओढल्यावर आदळणारे हातोडे) बाहेर, दोन चाप. नळ्यांवर पाण्यावर तेल पसरावं तशी नागमोडी नक्षी आहे, म्हणजे दमास्कस (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेली नळी) असावी. आजोबांनी ती घेतली तेव्हाच जुनी होती.

या बंदुकीच्या गोष्टी ऐकतच मी मोठा झालो. तितरांचा थवा पायाजवळून भर्रकन उठला की आजोबा उजव्या नळीने एक आणि डाव्या नळीने दुसरा पाडायचे, आणि दुसरा पक्षी जमिनीला लागायच्या आत बंदूक मोडून (बिजागरीवर उघडून) नवी काडतुसं भरलेली असायची. मामा, मावशी, आजोबांचे मित्र, सगळे हेच सांगतात.

मी स्वतः फक्त क्ले शूटिंग (यंत्राने उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेम) करतो. बंदूक नवी, वर-खाली नळ्यांची, चोक (नळीच्या तोंडाशी असलेला आवळा, ज्याने छर्रे कमी पसरतात) बदलता येणारी. प्रशिक्षकही चांगले मिळाले. तरी स्कीटमध्ये (तबकड्यांच्या नेमबाजीचा एक प्रकार) दोन तबकड्या एकदम सुटल्या की दुसरी हमखास हातची जाते. मग वाटतं, ती पिढी खरंच आपल्यापेक्षा सरस होती का? की त्या बंदुकांमध्येच काही होतं जे आता बनत नाही? की गोष्टी सांगता सांगता वाढल्या? आणि ही बंदूक आजच्या काडतुसांनी चालवता येईल का? ज्यांनी अशा बंदुका हाताळल्या आहेत त्यांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

हिशोबी:

शिकारीच्या वह्यांमध्ये पडलेले पक्षी लिहिलेले असतात. किती बार फुकट गेले ते फारसं कुणी लिहून ठेवत नाही. त्यामुळे जुन्या आकड्यांवरून नेम किती पक्का होता हे कळत नाही, फक्त पक्षी किती होते आणि काडतुसं किती होती हे कळतं.

अपवाद म्हणून इंग्लंडचे उमराव लॉर्ड वॉल्सिंगहॅम घ्या. ३० ऑगस्ट १८८८ ला यॉर्कशायरमधल्या ब्लबरहाउसेसच्या माळावर या एकट्या माणसाने दिवसभरात १०७० ग्राउज (तितरासारखे रानपक्षी) पाडले. हाकारे पक्षी उठवत होते, मदतनीस बंदुका भरून देत होते. त्या दिवशी सुमारे दीड हजार काडतुसं उडाली. म्हणजे त्या काळच्या सर्वात गाजलेल्या बंदूकबाजांपैकी एकाचेही दहातले तीन बार रिकामे गेले. आजचे चांगले शिकारी हाच हिशोब ठेवतील तर फार मागे नसतील असं माझं मत आहे.

तुमच्या आजोबांचा अनादर करायचा नाही. पण 'कधीच चुकले नाहीत' असं ज्याच्याबद्दल सांगतात त्याचे चुकलेले बार पाहणारं कुणी सोबत नव्हतं, एवढंच त्यातून समजावं.

जुना_दस्ता:

रानवाट, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात तुमच्या बोटांचा आणि डोळ्यांचा प्रश्न आहे. नळ्या तपासून घेतल्याशिवाय या बंदुकीत एकही काडतूस घालू नका. नळ्यांच्या खालच्या बाजूला, बंदूक मोडल्यावर दिसणाऱ्या सपाट भागावर, परीक्षेचे (नळी बाराचा दाब सोसते हे तपासल्याचे) शिक्के असतील. ते भिंगाखाली नीट पाहून इथे लिहा. मग त्यावर बोलू.

आता नेमाचं. मी जुन्या बंदुकांचे दस्ते (खांद्याला टेकायचं लाकूड) दुरुस्त करतो आणि नळ्या मोजतो, बरीच वर्षं हेच काम आहे. शिकाऱ्यांच्या गोष्टी मीही खूप ऐकल्या, पण माझा विश्वास लाकडावर आहे. मागे एक दुनळी आली होती दस्त्याला चीर गेली म्हणून. वरच्या कडेला, जिथे गाल टेकतो, तिथलं तेल-पॉलिश उडून लाकूड काळं आणि गुळगुळीत झालं होतं. ती जागा अंगठ्याच्या नखाएवढी होती, बस. दस्त्याच्या मनगटावरच्या चौकटीवर (जिथे पकडीसाठी बारीक रेघा कोरतात) अंगठ्याखालच्या रेघा सपाट झाल्या होत्या, आणि त्याला लागून असलेल्या रेघा अजून बोटाला टोचत होत्या. म्हणजे त्या माणसाने आयुष्यभर बंदूक उचलली ती प्रत्येक वेळी त्याच जागी हात आणि त्याच जागी गाल. आज दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक बंदुकांवर गालाची झीज तळहाताएवढी पसरलेली असते. मालक दर वेळी वेगळ्या जागी टेकतो आणि मग नळीवरून बघत नेम जुळवतो.

तुमच्या प्रश्नाचं अर्धंअधिक उत्तर माझ्या मते इथेच आहे. छर्‍याच्या बंदुकीला मागची माशी (नेम जुळवायची खूण) नसते. मागची माशी म्हणजे तुमचा डोळा. गाल अर्धा सेंटिमीटर वर टेकला तर डोळा अर्धा सेंटिमीटर वर गेला, आणि तीस मीटरवर छर्‍यांचा झोत वीस सेंटिमीटरच्या आसपास वर गेला. जुने लोक बंदूक खांद्याला लावायचा सराव करायचे, बार काढायचा नाही. त्या काळचे गाजलेले इंग्रज शिकारी लॉर्ड रिपन घरात आपल्या मदतनिसांना घेऊन बंदूक देण्याघेण्याची तालीम करायचे असं सांगतात, आणि सँडरिंगहॅमला (इंग्लंडच्या राजघराण्याची जहागीर) ६० सेकंदांत २८ फेझंट (लांब शेपटीचे रानपक्षी) पाडल्याची नोंद त्यांच्या नावावर आहे. तो वेग एकट्या माणसाचा नव्हे, तीन बंदुका आणि तालमीत तयार झालेल्या दोन माणसांचा आहे. पण बंदूक हातात आल्यावर ती गालाला बिनचूक लागायची, ते रिपन यांचं स्वतःचं.

बंदुकांबद्दल. हो, त्या चांगल्या होत्या, पण लोक समजतात त्या कारणासाठी नाही. घोडेवाली बंदूक कमी प्रतीची नव्हती. १८७५ मध्ये अँसन आणि डीली या इंग्रज कारागिरांनी आत घोडे असलेली रचना आणली, १८८० मध्ये बीझली यांची स्वतःहून उघडणारी रचना पर्डी या लंडनच्या बंदूक बनवणाऱ्या कंपनीकडे गेली, आणि तरीही रिपन आणि राजा पाचवा जॉर्ज हे दोघेही नंतर बाहेरच्या घोड्यांच्या पर्डीच वापरत राहिले. हाताला बसलेली बंदूक त्यांनी सोडली नाही.

दुसरं, वजन. इंग्लंडमधले बंदूक बनवणारे ग्रीनर यांचा जुना नियम आहे: बंदुकीचं वजन छर्‍यांच्या वजनाच्या ९६ पट असावं. ३० ग्रॅम छर्रे असतील तर २.९ किलोच्या आसपास. इतकी हलकी बंदूक पटकन वर येते आणि जोरात धक्काही देत नाही. आजच्या स्पर्धेच्या बंदुका साडेतीन किलोच्या पुढे असतात. त्यांचा झुलावा (लक्ष्याबरोबर नळी फिरण्याची गती) संथ आणि स्थिर असतो, ठरावीक वाटेने जाणाऱ्या तबकडीला तो बरा. पायाशी उठणाऱ्या तितराला हलकी दुनळी बरी.

तिसरं, आणि याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही: नळीचं तोंड. चोक १८६० च्या दशकात आला आणि १८७५ च्या सुमारास ग्रीनर यांनी तो गाजवला. पण पक्षी मारणारे बरेच जुने लोक निदान उजवी नळी सरळ, बिनचोकची ठेवायचे. २३ मीटरवर बिनचोक नळीचा झोत सुमारे ९७ सेंटिमीटर पसरतो, पूर्ण चोकचा जेमतेम ५३. म्हणजे जवळच्या पक्ष्यावर पूर्ण चोक लावणारा माणूस स्वतःहून आपलं जाळं निम्मं करून घेतो. पक्षी लांब गेला की मागचा चाप, डावी नळी, जरा आवळलेली. दोन चापांमुळे ही निवड बोटाच्या एका हालचालीत होते, चोक फिरवून बदलावा लागत नाही.

आता तुमची दुसरी तबकडी. तबकडी यंत्रातून सुटते तेव्हा सर्वात वेगात असते आणि पुढे मंदावत जाते. पक्ष्याचं उलट. तो उठताना संथ असतो आणि दर क्षणाला वेग वाढवतो, वळतो, वाऱ्यावर तिरका होतो. तुमचे आजोबा थव्यावर बार काढत नसत, एक पक्षी निवडायचे, त्याची चोच बघायचे, आणि तो पडला की नाही हे पाहायला न थांबता नजर दुसऱ्या पक्ष्यावर न्यायचे. आधी नजर, मग पाय, मग बंदूक. तुम्ही बहुधा पहिली तबकडी फुटलेली पाहत राहता. पुढच्या वेळी प्रशिक्षकांना तुमची बंदूक नाही, डोळे बघायला सांगा.

आणि झुलावा थांबवू नका. आडव्या जाणाऱ्या पक्ष्याचा हिशोब करून बघा. छर्रे सेकंदाला ३६५ मीटरच्या आसपास वेगाने निघतात पण गोल असल्याने वेग झपाट्याने हरवतात. ३६ मीटरवर पोहोचायला त्यांना साधारण ०.१४ सेकंद लागतात. ताशी ६४ किलोमीटरने जाणारा पक्षी तेवढ्यात अडीच मीटर पुढे गेलेला असतो. चकमकीच्या बंदुकीवर शिकलेल्यांना यापेक्षाही अवघड होतं. चाप ओढला की आधी कानातली (नळीबाहेरच्या छोट्या वाटीतली) दारू पेटायची, मग नळीतली. त्या क्षणात नळी थांबली तर बार पक्ष्याच्या मागे. इंग्रज शिकारी कर्नल पीटर हॉकर यांनी अशाच बंदुकीने उडते तितर मारले, तेही १८०९ मध्ये स्पेनमधल्या टालाव्हेराच्या लढाईत जबर जखमी झाल्यानंतर. बार निघाल्यावरही नळी फिरवत राहायची सवय त्या पिढीला बंदुकीनेच लावली. आजच्या झटपट चापाने ती सवय मोडली, असं मला मनापासून वाटतं.

हिशोबी यांचं म्हणणं बरोबर आहे, त्यात मी भर घालतो. दुसरा पक्षी पडायच्या आत काडतुसं भरलेली असायची, हा भाग मात्र मानू नका. बहुतेक घोडेवाल्या बंदुकांत रिकामी टोपणं (काडतुसांची कवचं) आपोआप बाहेर फेकली जात नाहीत, काही मिलिमीटर वर येतात. ती बोटांनी काढायची, नवी घालायची, बंदूक मिटायची, दोन्ही घोडे ओढायचे. पक्षी तेवढा वेळ हवेत राहत नाही. पण एका थव्यातून उजवा-डावा जोड पाडणं शक्य आहे आणि ते खरं असणार. ज्याने ते एकदाही पाहिलंय तो विसरत नाही, म्हणून घरात गोष्ट टिकली.

पाणथळ:

वरचा प्रतिसाद आवडला. एक बाजू राहिली ती मांडतो.

रिपन यांच्या नावावर १८६७ ते १९२३ या काळात ५,५६,८१३ प्राण्यापक्ष्यांची नोंद आहे. वर्षाला सरासरी दहा हजारांच्या आसपास. १८ डिसेंबर १९१३ ला बकिंगहॅमशायरमधल्या हॉल बार्नला एका दिवसात ३९०० हून अधिक फेझंट पडले, त्यात पाचवा जॉर्ज होता आणि परतताना आज जरा अतीच झालं असं तोही म्हणाल्याचं सांगतात. हा सराव आज कुणाला मिळणार नाही आणि मिळूही नये. तो नेम पक्ष्यांच्या जिवावर तयार झाला.

अमेरिकेत तर तो पोटाचा धंदा होता. बाजारासाठी बदकं आणि कबुतरं मारणारे लोक काडतुसाचा खर्च विकल्या जाणाऱ्या पक्ष्यातून काढायचे, त्यामुळे खात्री नसलेला बार ते काढतच नसत. कॅप्टन ॲडम बोगार्डस याच धंद्यातून पुढे आले आणि जगप्रसिद्ध नेमबाज झाले. जिवंत कबुतरांच्या जागी काचेचे गोळे उडवणारं सुधारित यंत्र त्यांनी १८७७ मध्ये पेटंट केलं. १८८० मध्ये लिगोव्स्की यांची मातीची तबकडी आली. रानवाट, तुम्ही खेळता ते स्कीट मॅसॅच्युसेट्समध्ये चार्ल्स डेव्हिस यांनी सुरू केलं ते तितरासारख्या पक्ष्यांचा सराव व्हावा म्हणूनच. म्हणजे तुमचा खेळ त्या कौशल्याचाच वारस आहे, त्याला कमी लेखू नका.

आणि किंमत काय मोजली तेही लिहायला हवं. आकाश झाकून टाकणारे पॅसेंजर पिजनचे थवे ज्या देशात होते तिथे शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. जंगलतोड हेही कारण होतं, पण बंदुका आणि जाळी यांचा वाटा मोठा. त्यानंतर १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आला, १९३५ मध्ये पाणपक्ष्यांवर बंदुकीत तीनच काडतुसांची मर्यादा आली, १९९१ मध्ये पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे देशभर बंद झाले. पाणथळीच्या तळाशी पडलेले शिशाचे छर्रे खडे समजून बदकं गिळतात आणि विषबाधेने मरतात, म्हणून. जुन्या शिकाऱ्यांचा हात मला थक्क करतो, पण त्यांच्या आकड्यांचा अभिमान मी बाळगू शकत नाही.

रानवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज नळ्या काढून भिंगाने पाहिल्या. दोन्ही नळ्यांवर मुकुट, त्याखाली आडवे-उभे फुली मारलेले दोन राजदंड आणि बी, पी, सी ही इंग्रजी अक्षरं. दुसऱ्या शिक्क्यात तसंच आणि व्ही. डाव्या नळीवर इंग्रजीत 'नॉट फॉर बॉल' (गोळीसाठी नाही) कोरलंय, उजव्या नळीवर ते नाही. 'नायट्रो' हा शब्द कुठेच दिसला नाही. घराचं माप (काडतूस बसतं तो भाग) लिहिलेला नाही.

आजोबांनी ही आयुष्यभर आजच्यासारख्याच बिनधुराच्या काडतुसांनी वापरली असं मामा म्हणतात. मग आता का चालणार नाही?

जुना_दस्ता:

शिक्के बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे आहेत आणि ही फुलीतल्या राजदंडांची पद्धत १९०४ पूर्वीची. 'नॉट फॉर बॉल' हे चोक असलेल्या नळीवर १८७५ ते १८८७ या काळातच मारत. म्हणजे तुमची बंदूक त्या बारा वर्षांतली आहे, उजवी नळी बिनचोक आणि डावी आवळलेली. वर लिहिलं तीच जोडी. आजोबांचा उजवा-डावा जोड कसा जमायचा याचं एक कारण तुमच्या हातातच आहे.

पण तिची परीक्षा फक्त काळ्या (जुन्या, धूर करणाऱ्या) दारूवर झालेली आहे. बिनधुराच्या दारूसाठी पुन्हा परीक्षा झाली असती तर 'नायट्रो प्रूफ' किंवा मुकुटाखाली एन. पी. असा शिक्का दिसला असता. आजोबांच्या हातात ती फुटली नाही याचा अर्थ तेव्हा नळीत पुरेसं लोखंड होतं, इतकाच. दर वेळी आतून घासून गंज काढला की नळी पातळ होते. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं, बारानंतर त्याचं मीठ नळीत उरायचं आणि हवेतला ओलावा शोषून खड्डे पाडायचं. ते मीठ तेलाने निघत नाही, पाण्याने निघतं, आणि बरेच लोक फक्त तेल लावायचे.

तुम्हाला घरी करता येईल ते एवढंच: नळ्या सुट्या करून खिडकीकडे धरा आणि आत बघत हळू फिरवा. नळी सरळ आणि निर्दोष असेल तर उजेडाची वर्तुळं गोल दिसतात. एखादं वर्तुळ चेपलेलं किंवा तुटलेलं दिसलं तर तिथे पोचा, फुगवटा किंवा खड्डा आहे. मग नळ्या खालच्या आकड्याला दोरीने टांगून बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारा. घंटेसारखा लांब नाद यायला हवा. भद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधल्या पट्टीचा डाग (धातूचा सांधा) सुटलाय. पण नाद चांगला आला म्हणून नळी जाड आहे असं मुळीच ठरत नाही. भिंतीची जाडी मोजायचं खास माप असतं, ते काम जाणकार गनस्मिथकडूनच करून घ्या. कुठेही ०.५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर माझा सल्ला आहे की बार काढायचा विचार सोडून द्या. घराची लांबीही मोजून घ्या. त्या काळच्या बंदुका बहुधा ६५ मिलिमीटर काडतुसाच्या असतात. ७० चं काडतूस आत बसतं, बंदूक मिटतेही, पण टोपणाचं तोंड उघडायला जागा नसते आणि दाब वाढतो. बसलं म्हणजे चालतं असं इथे अजिबात नाही.

पाणथळ:

यात एक जोडतो: जाडी चांगली निघाली तरी पोलादी छर्रे या बंदुकीत कधीच नकोत. ते शिशासारखे दबत नाहीत, आवळलेल्या डाव्या नळीला तोंडाजवळ फुगवटा येऊ शकतो आणि आतला मऊ धातू ओरखडतो. जिथे शिसं बंद आहे तिथे बिस्मथ धातूचे छर्रे आणि हलका दाब.

रानवाट:

समजलं. नळ्या मोजायला देतो आणि तोवर बंदूक बंद. एकच विचारतो, आजोबांच्या दस्त्याची मापं घेऊन माझ्या नव्या बंदुकीचा दस्ता तसाच करून घेतला तर?

जुना_दस्ता:

आजोबांची उंची, मान आणि हात तुमच्याएवढेच असतील तर करा, नाहीतर नको. त्यांचा दस्ता त्यांच्या अंगाला बसवलेला असेल. आणि त्या काळच्या अनेक बंदुकांचा दस्ता मागे खूप उतरता असतो. लोक मान ताठ ठेवून मारायचे, आपण आज गाल पुढे घेतो.

स्वतःचं माप घ्यायची साधी रीत सांगतो. नवी बंदूक रिकामी आहे हे दोनदा तपासा. भिंतीवरच्या एका खुणेकडे बघा, डोळे मिटा, बंदूक सहज उचलून गालाला लावा, मग डोळे उघडा. नळीच्या टोकाची माशी खुणेवर असेल आणि नळीवरची पट्टी किंचित दिसत असेल तर दस्ता बरोबर आहे. पट्टी खूपच दिसली तर दस्ता उंच, माशीच दिसली नाही तर खाली. माशी डावी-उजवीकडे दिसली तर दस्त्याला बाजूचा वाक हवा. हे रोज थोडं थोडं करा आणि दस्ता कापायच्या आधी निदान महिनाभर जाऊ द्या, कारण सुरुवातीला उचलण्याची पद्धतच बदलत असते आणि लाकूड एकदा तासलं की परत येत नाही.